रिस्टोर न केलेली जुनी अमेरिकन कन्व्हर्टिबल विकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एखाद्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली, उघड्या छताची जुनी गाडी विकायची वेळ आली की लोक बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. कुणाच्या सासऱ्यांची गाडी असते, कुणी हौसेने घेऊन ठेवलेली असते, कुणाला घराबरोबर मिळालेली असते. खालची उत्तरं साधारण १९५० ते १९७६ या काळातल्या गाड्यांसाठी आहेत. कागदपत्रांचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, त्यामुळे सही करण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार वाहन खात्याचं, म्हणजे डीएमव्हीचं संकेतस्थळ एकदा उघडून पाहाच.

आमची गाडी कधीच रिस्टोर केलेली, म्हणजे उघडून पुन्हा नव्यासारखी करून घेतलेली, नाही. हे चांगलं की वाईट?

गाडी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ते ठरतं. रिस्टोर न केलेल्या गाड्यांमध्ये तीन जाती असतात आणि तिन्हींचा ग्राहक वेगळा. पहिली सर्व्हायव्हर: रंग, सीटची कव्हरं, इंजिन, काचा बहुतांश कारखान्यातल्याच, थोड्या विटलेल्या पण शाबूत. दुसरी मूळचीच पण थकलेली: गंजलेली, छत फाटलेलं, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. तिसरी कुणीतरी उत्साहाने उघडून खोक्यांत भरून ठेवलेली. पहिलीला चांगला भाव येतो आणि दुसरीलाही गिऱ्हाईक मिळतं. तिसरीत मात्र कुठला स्क्रू कुठला हे उघडणाऱ्यालाच माहीत असतं आणि तो बहुधा हयात नसतो, म्हणून तिचा भाव सगळ्यात आधी कोसळतो.

सर्व्हायव्हर गाड्यांना आता मान आहे. अँटिक ऑटोमोबिल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ सालची संस्था अशा जपलेल्या मूळ गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवते. तिथे चकाकी पाहत नाहीत, कारखान्यातून आलेलं किती शिल्लक आहे ते पाहतात.

विकण्याआधी रंग मारून घेतला तर जास्त पैसे येतील ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

चांगल्या रंगकामाचा खर्च विक्रीच्या किमतीत क्वचितच भरून निघतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे ताजा रंग दिसला की जाणता ग्राहक पहिली शंका घेतो: याच्याखाली काय लपवलंय? विटलेल्या रंगातून पत्रा वाचता येतो. कुठे फुगवटा आहे, कुठे जुना ठोका बसलाय, कुठे एका मडगार्डची छटा दुसऱ्यापेक्षा वेगळी आहे, ते सगळं समोर असतं. आणि मूळ रंग एकदा खरवडला की तो पुन्हा कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पॉलिशच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. त्या काळी रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर लॅकर असायचं, फोर्ड आणि क्रायस्लरवर इनॅमल. फडक्याने घासलं की फडक्यावर येतो तो गाडीचा रंगच असतो. मडगार्डच्या धारेवर, बोनेटच्या कडेवर तो आधीच पातळ झालेला असतो, आणि तिथे मशीन फिरवलं तर मिनिटभरात खालचा प्रायमर दिसायला लागतो. साध्या शाम्पूने हलक्या हाताने धुवा, आतून व्हॅक्यूम फिरवा, उंदरांची घरटी काढा, काचा पुसा आणि थांबा.

गाडीच्या पोटाला काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखायचा जाड थर, फासायचा मोह तर अजिबात नको. ताजं काळं पोट पाहून खरेदीदार पाच-दहा हजार डॉलर मनातल्या मनात कापून टाकतो.

मग एकही पैसा खर्च करायचा नाही?

करायचा, पण यंत्रावर. स्वतःच्या ताकदीवर सुरू होणारी, हलणारी आणि थांबणारी गाडी आणि टो-ट्रकच्या फळीवर चढवावी लागणारी गाडी यांच्या भावात मोठी तफावत पडते. पेट्रोलची टाकी रिकामी करून साफ करणं, कार्बोरेटर धुणं, नवी बॅटरी, ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी नळ्या हा खर्च बहुधा वसूल होतो. टायर नवे घालायचे तर जुने फेकू नका.

बरीच वर्षं बंद असलेली गाडी किल्ली फिरवून ‘बघूया सुरू होते का’ असं करू नका. आधी जुनं पेट्रोल काढा. त्याचा वास वार्निशसारखा येत असेल तर ते इंजिनात जाता कामा नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहा. मोकळं फिरलं तरच स्टार्टरची पाळी. अडकलं असेल तर जोर लावू नका. अडकलेल्या इंजिनाची गाडी विकली जाते, आतला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकवलेल्या इंजिनाचं दुखणं मोठं असतं.

आणि जुने सुटे भाग? कचऱ्यात काहीही टाकू नका. मूळ कार्बोरेटर, एअर क्लीनरचं झाकण, व्हील कॅप, जॅक, स्टेपनी, छत दुमडल्यावर वरून लावायचं कव्हर, अगदी प्रदूषणाचा म्हणून कधीकाळी काढून ठेवलेला पंपसुद्धा. तुम्हाला भंगार वाटेल त्याच वस्तूसाठी ग्राहक वर्षभर शोध घेत असतो.

आमची गाडी जन्मतः कन्व्हर्टिबल आहे हे कसं सिद्ध करायचं?

हा प्रश्न ग्राहक विचारणारच, कारण साध्या छताची गाडी कापून कन्व्हर्टिबल केलेलीही बाजारात येते आणि सहा सिलिंडरच्या गाडीवर महागड्या मॉडेलचे बिल्ले लावलेलीही. उत्तर गाडीच्या क्रमांकात असतं. सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती.

फोर्डची १९६५ ची मस्टँग घ्या. हिच्या अगदी पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा नंबर ५एफ०८एफ१००००१. पहिला ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, पुढचा एफ म्हणजे २६० घनइंचाचं व्ही-८ इंजिन आणि शेवटी अनुक्रमांक. तिथे ०७ असेल तर ती कूपे, ०९ असेल तर फास्टबॅक, मग डोक्यावर काहीही बसवलेलं असो. (ही पहिली मस्टँग कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या एका डीलरने एका वैमानिकाला विकून टाकली होती. फोर्डने दहा लाखाव्या मस्टँगच्या बदल्यात ती परत मिळवली. आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.)

जनरल मोटर्समध्ये ६७ हा आकडा कन्व्हर्टिबलचा. १९६७ च्या व्ही-८ कमॅरो कन्व्हर्टिबलचा नंबर १२४६७ ने सुरू होतो, सहा सिलिंडर असेल तर १२३६७ ने. क्रायस्लर, डॉज, प्लिमथच्या साठीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या क्रमांकांत २७ शोधा.

पण क्रमांक सगळंच सांगत नाही. १९६७ ची कमॅरो एसएस, म्हणजे जास्त ताकदीची महागडी आवृत्ती, आहे की साधी, हे व्हीआयएनवरून कळत नाही. १९६४ आणि १९६५ ची पाँटियाक जीटीओ ही तेव्हा स्वतंत्र मॉडेल नव्हतीच, जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज होतं, म्हणून तिच्याही क्रमांकात जीटीओ सापडत नाही. अशा वेळी कागद लागतात.

एक सावधगिरी: क्रमांकाची पट्टी काढणं, सरळ करणं, रंगवण्यासाठी सोडवणं यातलं काहीही करू नका. ती काढणं हा संघीय गुन्हा ठरू शकतो. पट्टीचे रिव्हेट हललेले दिसले तर ग्राहक तिथूनच परत फिरतो.

कागद म्हणजे कोणते? आमच्याकडे फक्त टायटल, म्हणजे मालकीचं सरकारी प्रमाणपत्र, आहे.

शोधा, सापडतील. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर तिच्यात काय काय बसवायचं त्याची छापील यादी फिरायची. कामगार ती यादी अनेकदा गाडीतच सोडून देत. मागची सीट उचला. तिच्या स्प्रिंगांत अडकलेला, पिवळट पडलेला, कडा उंदरांनी खाल्लेला घडीचा कागद दिसला तर ओढू नका. स्प्रिंगा हाताने फाकवा, कागद खालून आधार देऊन सोडवा, दोन प्लास्टिकच्या पानांत ठेवा आणि फोटो काढा. काही मॉडेलांत तो पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा गालिच्याखाली सापडतो. हा एक कागद ओळखीच्या मेकॅनिकच्या हजार शब्दांपेक्षा जास्त चालतो.

बाहेरूनही दाखले मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्ड, लिंकन, मर्क्युरी गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट मागवता येतो. तो कंपनीच्या उत्पादन नोंदींवरूनच तयार होतो. १९६५-६६ च्या मस्टँगसाठी तो मिळत नाही, त्यामुळे तसं आश्वासन कुणाला देऊ नका. पाँटियाकसाठी पीएचएस ही जुन्या नोंदी पुरवणारी संस्था आहे, १९६१ पासूनच्या गाड्यांची मूळ बिलं त्यांच्याकडे आहेत. गाडीचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या कार्फॅक्स या संकेतस्थळावर मात्र वेळ घालवू नका, त्याला सतरा अक्षरी क्रमांक लागतो.

याशिवाय जुन्या सर्व्हिसच्या पावत्या, डीलरने दिलेलं पुस्तक, विम्याचे कागद, गाडी नवी असतानाचा घरच्यांबरोबरचा फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावा.

‘मॅचिंग नंबर्स’ आहे का असं सगळे विचारतात. काय सांगू?

जे तपासलंय तेवढंच सांगा. अर्थ असा की गाडीतलं इंजिन, आणि जमल्यास गिअरबॉक्सही, कारखान्यात त्याच गाडीत बसवलेलं आहे. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ वर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाकडच्या सिलिंडर हेडच्या समोर एक सपाट जागा असते, तिथे क्रमांक ठोकलेला असतो. तेलाचा थर कापडाने पुसा, वायर ब्रश लावू नका. तिथल्या बारीक यंत्ररेषासुद्धा पाहणारे पाहतात, कारण खोटे क्रमांक ठोकणारे आधी ती जागा घासून घेतात.

ओतीव भागांवर तारखाही असतात. सी १५ ७ असं दिसलं तर तो भाग १५ मार्च १९६७ ला ओतला. गाडी एप्रिलमध्ये जुळवलेली असेल तर जमतं, फेब्रुवारीत जुळवलेली असेल तर ते इंजिन नंतर कधीतरी आलेलं. स्वच्छ फोटो द्या, निष्कर्ष ग्राहकाला काढू द्या. ‘मॅचिंग नंबर्स’ असं जाहिरातीत लिहून ते खोटं निघालं तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

गंज किती आहे हे आपण स्वतः कसं पाहायचं?

कन्व्हर्टिबलमध्ये हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण छप्पर नाही म्हटल्यावर गाडीची सगळी ताकद खालच्या पत्र्यात असते. दाराखालून पुढून मागे जाणारा आडवा पत्र्याचा खोका, ज्याला रॉकर म्हणतात, तो पोखरला तर गाडी मधून खचते.

खचलेली गाडी दारावरून ओळखू येते. दोन्ही दारं बंद करून बाजूला गुडघ्यावर बसा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरून खालपर्यंत पाहा. वर चिकटलेली आणि खाली रुंद होत गेलेली असेल तर मधला भाग खाली बसलाय. मग दार उघडा. उघडताना ते टपकन खाली उतरलं तर आधी बिजागरीची पिन तपासा, दोष कधी कधी तेवढाच असतो. त्यानंतर एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून रॉकरवरून, मागच्या मडगार्डच्या खालच्या भागावरून आणि चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. ते कागदावर लिहून ठेवा, जाहिरातीत लागेल. (कॉर्व्हेट असेल तर चुंबक घरीच ठेवा, तिचं शरीर फायबरग्लासचं. तिथे चासी आणि काचेभोवतीची पोलादी चौकट पाहायची.)

साठीच्या दशकातल्या मस्टँगमध्ये एक खास जागा आहे: पुढच्या काचेच्या खाली, हवा आत घेणाऱ्या जाळीच्या आतला पत्रा. तिथे बाटलीने पाणी ओता आणि कुणाला तरी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसवा. पावलांवर पाणी टपकलं तर पत्रा सडलाय. हे काम महागडं असतं, कारण तिथे पोहोचायलाच बरंच काही कापावं लागतं.

छत दुमडून ज्या खोबणीत बसतं तिथलं अस्तर आणि पाणी जाण्याची वाट, डिकीची जमीन, मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) वरचा चासीचा भाग हेही पाहा. ठिगळ मारलेलं असेल तर ते कुणी, कधी मारलं हे माहीत असेल तेवढं सांगा.

१९६७ ते १९६९ च्या कमॅरो आणि फायरबर्ड कन्व्हर्टिबलमध्ये चार कोपऱ्यांत चार जड डबे असतात. आत वजन आणि स्प्रिंग असलेले हे डबे उघड्या गाडीची थरथर मारण्यासाठी कारखान्यातच बसवलेले. अनेकांनी ते निरुपयोगी समजून काढून टाकले. तुमच्या गाडीत असतील तर त्यांचे फोटो वरच्या रांगेत घ्या.

छत फाटलंय. बदलून घेऊ का?

कापड बदललेलं चालतं, ग्राहक त्यासाठी नाक मुरडत नाही. छताचं कापड मुळात झिजणारीच वस्तू. पण फाटकं असेल तरी विकण्यासाठी म्हणून बदलायची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते खालचं लोखंड: कमानी, बिजागऱ्या, पकडी. सांगाडा पूर्ण आणि सरळ असेल तर तसं ठळक सांगा, कारण कमी खपाच्या मॉडेलांचा सांगाडा शोधणं हेच मोठं काम असतं.

मोटरने चालणारं छत असेल तर थंडीत, कडक झालेल्या जुन्या व्हिनाइलवर बटण दाबून दाखवायला जाऊ नका, चर्रकन फाटतं. मागच्या सीटच्या बाजूला तेलाचे ओघळ दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर सिलिंडर गळतोय. १९६१ ते १९६७ च्या चार दारी लिंकन काँटिनेंटलमध्ये अख्खं छत डिकीत जातं आणि ते करायला मोटरी, पंप, रिले, स्विच यांचा लांबलचक मेळ लागतो. तिथे छत चालतं की नाही यावर किंमत हलते. चालत असेल तर सलग, न कापलेला व्हिडिओ काढा.

किंमत किती ठेवावी?

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक करा. संकेतस्थळावर कुणीही काहीही मागतो. झालेले व्यवहार पाहा. ऑनलाइन लिलावांचे जुने निकाल उघडे असतात, जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी या कंपनीचे भावही पाहता येतात. हॅगर्टी गाडीची अवस्था १ ते ४ अशी मोजते. १ म्हणजे स्पर्धेत मांडण्याजोगी, ४ म्हणजे चालणारी पण दोष उघड दिसणारी. आपल्या गाडीला बहुतेक मालक २ देतात आणि बहुतेक गाड्या ३ किंवा ४ असतात.

बातम्यांवर जाऊ नका. १९७१ ची हेमी इंजिनाची एक प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल २०१४ साली मेकमच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, पण तशा गाड्या बनल्याच ११. तुमच्या गाडीवर कुडा लिहिलं आहे म्हणून तुमच्या घराचं कर्ज फिटणार नाही. उलट बाजूने, मस्टँगच्या पहिल्या लांबलेल्या मॉडेल वर्षात एक लाखाहून जास्त कन्व्हर्टिबल विकल्या गेल्या. ती लोकप्रिय आहे, दुर्मिळ नाही.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण १९७६ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं. ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून तिची जाहिरात झाली, १४,००० बनवल्या, शेवटच्या २०० पांढऱ्या रंगात एकसारख्या. लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि न चालवता झाकून ठेवल्या. १९८२ मध्ये क्रायस्लरने पुन्हा कन्व्हर्टिबल आणली, १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकनेही. इतक्या जणांनी जपल्यामुळे आजही चांगल्या एल्डोराडो सहज मिळतात, आणि ज्याने त्या काळी जादा पैसे मोजून घेतली त्याचं गणित काही जुळलं नाही.

ढोबळ हिशेब असा धरा: त्याच मॉडेलच्या चांगल्या, चालत्या गाडीचा खरा भाव घ्या, त्यातून तुमची गाडी तिथवर न्यायचा खर्च वजा करा आणि ग्राहकाच्या त्रासाचेही थोडे पैसे सोडा. मूळ रंग आणि पूर्ण कागद असतील तर हा हिशेब तुमच्या बाजूने मोडतो. तशी गाडी ग्राहक दुरुस्त करायला नव्हे, आहे तशी जपायला घेतो.

मीटरवर फक्त ४२,००० मैल आहेत. तसं लिहू का?

त्या काळच्या बऱ्याच मीटरांत पाचच आकडे असत, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे ‘मीटर ४२,००० दाखवतो’ इतकंच लिहा. खरे तेवढेच मैल असल्याचा पुरावा असेल, म्हणजे तारीखवार पावत्या, तपासणीचे स्टिकर, तर तो जोडा. संघीय नियमानुसार २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना मैल जाहीर करण्याच्या विधानातून सूट आहे, पण जाणूनबुजून खोटं सांगायला सूट नाही.

कुठे विकावी?

गाडी दुर्मिळ, पूर्ण आणि कागद भरपूर असतील तर ब्रिंग अ ट्रेलरसारखा ऑनलाइन लिलाव उत्तम. ग्राहक त्यांना विक्रीच्या ५ टक्के देतो. तिथे प्रश्न विचारणारे गाडीची नस न् नस ओळखतात, त्यामुळे आठवडाभर उत्तरं द्यायची तयारी हवी. ती नसेल तर तिकडे जाऊ नका.

बॅरेट-जॅक्सन किंवा मेकम यांसारखे मंचावरचे मोठे लिलाव झगमगत्या, रिस्टोर केलेल्या गाड्यांना जास्त मानवतात. बॅरेट-जॅक्सनच्या जानेवारीतल्या स्कॉट्सडेल लिलावात बहुतेक गाड्या किमान किमतीच्या अटीशिवाय जातात, म्हणजे हातोडा पडेल तो भाव. शिवाय विक्रेत्याचं कमिशन, वाहतूक, मुक्काम.

साध्या चालत्या गाडीसाठी हेमिंग्ज (जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचं मासिक आणि संकेतस्थळ), त्या मॉडेलचा क्लब आणि क्लबचं मासिक. क्लबवाल्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण तुमच्या गाडीतली कुठली गोष्ट अनोखी आहे हे अनेकदा त्यांनाच आधी कळतं. पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणारा बाजार सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे गाड्याही विकल्या जातात. क्रेगलिस्ट आणि फेसबुकवर गाडी लवकर जाते, पण फुकटचे चौकशीबहाद्दर आणि भामटेही तिथेच जास्त.

दारात येऊन ‘आत्ता रोख देतो, गाडी आजच नेतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा द्या आणि दुसऱ्या दिवशी या म्हणा.

दोष सगळे सांगायचे का? ग्राहक पळून जाईल.

पळणारा पळेल. जो येईल तो दोष माहीत असून येईल आणि दारात उभं राहून घासाघीस करायला त्याच्याकडे काही उरणार नाही. इथे झाकली मूठ सव्वा लाखाची ठरत नाही. सर्व्हायव्हर गाडीचा ग्राहक उघडी मूठ पाहून पैसे देतो. शंभर-दीडशे फोटो काढा: ढगाळ दिवशी, सावलीत, गाडीच्या पोटाखालून, गंजलेल्या जागांचे जवळून, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. थंड इंजिन सुरू करतानाचा आवाजासह व्हिडिओ काढा, आधी इंजिन तापवून ठेवू नका.

टायटल वडिलांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. किंवा टायटल हरवलंय. काय करायचं?

घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं, म्हणून जाहिरातीच्या आधी हे काम. मालक वारला असेल तर प्रोबेट कोर्टाने, म्हणजे वारसाहक्काच्या कोर्टाने, नेमलेला एक्झिक्युटर (मृताची मालमत्ता सांभाळणारा) सही करू शकतो. मालमत्ता छोटी असेल तर अनेक राज्यांत साध्या प्रतिज्ञापत्रावर काम होतं. टायटलवर दोन नावं असतील तर मधला शब्द नीट वाचा. ‘आणि’ असेल तर बऱ्याच राज्यांत दोघांच्याही सह्या लागतात, ‘किंवा’ असेल तर एकाची पुरते.

हरवलं असेल तर डुप्लिकेट मागवा. काही राज्यं जुन्या गाड्यांना टायटल देतच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलांची मालकी रजिस्ट्रेशनच्या कागदानेच बदलते. ग्राहक दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याला हे आधीच सांगा, नाहीतर त्याच्या डीएमव्हीतून तुम्हालाच फोन येतील.

टायटलवर जुन्या कर्जाचा बोजा दिसतो आणि ती बँक केव्हाच बुडालीय? बुडालेल्या बँकांचे बोजे उतरवून देण्याची सोय एफडीआयसी या बँक ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेकडे आहे. टायटलवरचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का तेही आत्ताच पाहा. पन्नास वर्षांपूर्वी कारकुनाने एक आकडा चुकवलेला असू शकतो.

पैसे कसे घ्यावेत?

वायर ट्रान्स्फर, किंवा ग्राहकाच्या बँकेत दोघांनी एकत्र जाऊन. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढून दिलेला चेक, घरी घेऊन गाडी देऊ नका. खोटा चेकही खात्यावर जमा दिसतो आणि कित्येक दिवसांनी परत येतो, तोवर गाडी दुसऱ्या राज्यात पोहोचलेली असते. ‘चुकून जास्त रकमेचा चेक पाठवला, उरलेले माझ्या वाहतूकदाराला द्या’ ही जुनी युक्ती, पण अजून चालते. एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवण्याची सेवा; ग्राहकाने सुचवलेल्या एस्क्रो संकेतस्थळावर जाऊ नका, एस्क्रो हवीच असेल तर तुम्ही निवडा.

रोख १०,००० डॉलरच्या वर भरली तर बँक सरकारला कळवते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कळू नये म्हणून तुकडे करून भरणं मात्र गुन्हा आहे. इसार घेतलात तर किती, परत मिळणार की नाही, कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन ओळींत लिहून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह द्यावी का?

ब्रेक खात्रीचे असतील तरच. १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग असतो: एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ग्राहकाचं लायसन्स पाहा, तुमचा विमा चालू आहे ना ते बघा, आधी तुम्ही चालवा, मग त्याला द्या, आणि शेजारी बसा.

बिल ऑफ सेलमध्ये, म्हणजे विक्रीच्या कागदात, काय लिहायचं?

दोघांची नावं-पत्ते, वर्ष, मॉडेल, क्रमांक, किंमत, तारीख, ‘आहे त्या स्थितीत, कुठल्याही हमीशिवाय’ हे वाक्य, आणि बरोबर दिलेल्या सुट्या भागांची यादी. किंमत कमी लिहून द्या म्हणणारे भेटतील. देऊ नका.

कर बसतो का?

खरेदीपेक्षा जास्त किमतीला विकली तर नफ्यावर बसतो. तोटा झाला तर वैयक्तिक वापराच्या गाडीचा तोटा वजा करता येत नाही. वारशाने आलेली असेल तर साधारणपणे मूळ किंमत म्हणून वारल्याच्या दिवशीचा बाजारभाव धरतात, त्यामुळे तेव्हाचं मूल्यांकन करून ठेवलेलं उपयोगी पडतं. रक्कम मोठी असेल तर सीपीएला, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाला, विचारा.

परदेशातला ग्राहक आहे. विकू का?

खुशाल. जुन्या अमेरिकन कन्व्हर्टिबलला परदेशातही मागणी आहे. पूर्ण पैसे खात्यात आल्यावर त्याच्या वाहतूकदाराला मूळ टायटल द्या. निर्यातीच्या किमान ७२ तास आधी टायटलचे कागद कस्टम्सकडे द्यावे लागतात, त्यामुळे छायाप्रतीवर काम भागत नाही. जहाजाचं भाडं त्याचं, तुम्ही त्यात पडू नका.

गाडी गेली. आता काही उरलं का?

हो, एक काम त्याच दिवशी करा: गाडी विकल्याची सूचना डीएमव्हीला द्या. कॅलिफोर्नियात ती पाच दिवसांच्या आत द्यावी लागते. ती नसेल तर नव्या मालकाचे पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येत राहतात. नंबर प्लेटचंही पाहा. कॅलिफोर्नियात त्या गाडीबरोबर जातात, न्यूयॉर्कमध्ये विक्रेत्याने काढून घ्यायच्या असतात. हे सगळं झाल्यावरच विमा बंद करा, आधी नाही. आणि गॅरेजच्या माळ्यावर एखादी व्हील कॅप मागाहून सापडलीच तर नव्या मालकाला फोन करा, टपालखर्च तो आनंदाने देईल.